बिल वाचता का? की मागच्या रांगेला घाबरता?

गोकुळपेठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात एका विषयावरून दोन तट पडले आहेत, म्हणून इथे विचारते. मी दुकानातून निघायच्या आधी बिल वाचते. सगळं. नवऱ्याला ते बिलकुल आवडत नाही. "एवढ्यानं काय बंगला बांधणार आहोत का" हे त्याचं ठरलेलं वाक्य. सासरे तर सरळ गाडीत जाऊन बसतात.

गेल्या रविवारी एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये तूरडाळीच्या पाकिटाखालच्या पट्टीवर १४९ लिहिलेलं, बिलात १७२. दोन पाकिटं होती. मी दाखवलं तर काउंटरवरच्या मुलीनं एक शब्द न बोलता सुपरवायझरला हाक मारली, पैसे परत मिळाले. पण मागे ट्रॉल्या घेऊन रांग उभी, आणि त्यातल्या एक काकू ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "घरी जाऊन बघावं नं हे सगळं."

तर तुम्ही बिल तपासता का? कुठलं तपासता, कुठलं सोडून देता? आणि चुका नेमक्या निघतात कुठे? किराणा, हॉटेल, दवाखाना, वीज, काहीही चालेल.

बर्डीवाला_भाऊ

आमी तं बिल घेतच नाही बाप्पा. नागपुरात बर्डीच्या बाजारात बिल मागा, दुकानदार असा पाहते जसं त्याले किडनी मागितली.

रोखठोक

नवऱ्याशी सहमत. हजाराच्या खरेदीत वीस-तीस रुपये इकडेतिकडे. त्यासाठी दहा मिनिटं उभं राहायचं, कुणाशी तरी वाद घालायचा, वर रक्तदाब वाढवायचा. माझ्या वेळेची किंमत त्याहून जास्त आहे. दवाखान्याचं बिल पाहा, गाडीच्या सर्व्हिसिंगचं पाहा. डाळीचं कशाला?

निवृत्त_लेखापरीक्षक

रोखठोक, वेळेची किंमत मान्य. पण तुम्ही बिल तपासणं म्हणजे बेरीज तपासणं समजता आहात, म्हणून ते काम मोठं वाटतं. यंत्राची बेरीज चुकत नाही. ती बघूच नका.

आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं पाहिली, त्यातून लागलेली सवय सांगतो. आधी खाली छापलेली वस्तूंची संख्या बघायची आणि पिशवीतले नग मोजायचे. त्यानंतर प्रत्येक ओळीत फक्त 'नग' हा रकाना. जिथे १ च्या ऐवजी २ आहे तिथे थांबायचं. मग ज्या वस्तूवर सूट म्हणून हात घातला होता तेवढ्याच ओळी. बाकीचं वाचायची गरज नाही. अर्धा मिनिट लागतो.

कॅशकाउंटर

मी कॉलेजात असताना एका मॉलच्या बिलिंगला होतो, त्यामुळे आतली बाजू सांगतो. काकांचं बरोबर आहे, बेरीज कधीच चुकत नाही. चुकते ती त्याच्या आधीची माहिती.

पहिलं म्हणजे धागाकर्तीचं डाळीचं प्रकरण. कपाटावरची पट्टी माणूस बदलतो आणि सिस्टीममधला भाव मुख्य ऑफिसातून बदलतो. ऑफर संपली की सिस्टीम रात्री बारा वाजता नवा भाव घेते, पट्टी मात्र सकाळी पोट्टं येऊन काढेल तेव्हा निघणार. रविवारी गर्दी, पोट्टे कमी, पट्ट्या तशाच. म्हणून ऑफर बदलायच्या दिवशी, विशेषतः महिन्याच्या सुरुवातीला, भाव जास्त चुकतात. हे मुद्दाम कमी, आळसानं जास्त. पण कधी कुणी पट्टीपेक्षा कमी भाव लागला म्हणून पैसे परत द्यायला आलेलं मी पाहिलं नाही, हेही खरं.

दुसरं, सुटी भाजी. प्रत्येक भाजीला कोड असतो आणि वजन करणारा मुलगा तो पाठ म्हणतो. साध्या टमाट्याच्या जागी महागडे देशी टमाटे, साध्या काकडीच्या जागी इंग्लिश काकडी. पिशवीवरचं स्टिकर तिथल्या तिथे वाचा, कारण कॅशियरला पिशवीत काय आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. तो फक्त बारकोड मारतो.

तिसरं, डबल स्कॅन. बीप झालं की नाही या शंकेनं दुसऱ्यांदा मारतात. तुमच्याकडे तोंड करून जो छोटा पडदा असतो तो त्याच्यासाठीच ठेवलाय. लोकं तेव्हा मोबाईल बघत असतात.

चौथं, 'दोनवर एक फ्री'. तिन्ही नग एकाच प्रकारचे हवेत असा नियम असतो, वासाचा फरक चालत नाही. सिस्टीम ऑफर देत नाही आणि ग्राहकाला वाटतं मिळाली.

आणि सगळ्यात कामाचं: पैसे देण्याच्या आधी सांगितलं तर कॅशियर ती ओळ एका बटणानं काढू शकतो, फार तर सुपरवायझरचं कार्ड लागतं. पैसे दिल्यावर तीच चूक 'रिटर्न' होते. मग फॉर्म, सही, क्रेडिट नोट, कधीकधी दुसरं काउंटर. त्या काकू म्हणाल्या तसं घरी जाऊन बघितलं, तर दुसऱ्या दिवशी पेट्रोल जाळून यावं लागतं आणि पट्टीही तोवर बदललेली असते. पट्टीचा फोटो काढून ठेवलेला बरा.

महालची_सून

@कॅशकाउंटर मस्त माहिती. पिशवीचे पैसे पण बिलात असतात बघा, न विचारता. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं ठरवलंय की आधी सांगितल्याशिवाय काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी हे एकदा एका कपड्याच्या दुकानात म्हटलं. मॅनेजर हसला, पण पिशवी फुकट दिली.

इतवारीकर

दुकानदाराची बाजू कुणी मांडणार की नाही? इतवारीत आमची तिसरी पिढी. आमच्याकडे अजून चिठ्ठीवर लिहून देतात आणि वर काका म्हणाले त्याच्या उलट होतं. भाव तोंडपाठ, तो चुकत नाही. चुकते ती बेरीज, आणि तीही हातचा विसरल्यामुळे दुकानदाराच्याच अंगावर येते. गिऱ्हाईक ती सांगत नाही हो.

पक्क्या बिलाबद्दल एक सांगतो. बिलावर जीएसटी लावला असेल तर वर पंधरा अक्षरी नंबर असलाच पाहिजे. महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ नं सुरू होतो, पुढची दहा अक्षरं दुकानदाराचा पॅन. नंबर नाही आणि कर लावलाय, तर तो कर सरकारकडे जात नाही. जीएसटीच्या साईटवर नंबर टाकला की दुकानाचं नाव येतं.

सावजी_प्रेमी

इतवारीकरांनी विषय काढलाच आहे तर हॉटेलवर बोलू. साध्या हॉटेलात जेवणावर ५ टक्के, म्हणजे अडीच अधिक अडीच. पण छोटी हॉटेलं बरीचशी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात, ती छोट्या धंद्यांसाठी आहे. त्यांना ग्राहकाकडून कर घेताच येत नाही, तो त्यांनी स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, आणि बिलावर तसं लिहायचंही असतं. एका ठिकाणी बिलाच्या माथ्यावर 'कंपोझिशन' छापलेलं आणि खाली ५ टक्के लावलेला. वर बोट ठेवलं, खाली बोट ठेवलं, मालक म्हणाला "छापणाऱ्याची चूक आहे". मी विचारलं, कुठली? वरची की खालची?

सर्व्हिस चार्जचंही तसंच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाच्या बाजूनं निकाल दिला. तरी काही जागी नाव बदलून येतो. 'स्टाफ वेलफेअर' वगैरे. आणि गंमत म्हणजे त्याच्यावर पुन्हा जीएसटी.

बर्डीवाला_भाऊ

सावजीत जीएसटी सोडा, तर्रीचे पैसे वेगळे लावून राह्यले आता. आधी म्हनत "अजून घ्या भाऊ", अन् बिलात 'एक्स्ट्रा ग्रेव्ही ४०'. हे कोनत्या आयोगात न्यायचं?

सावजी_प्रेमी

हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा विषय आहे.

मानेवाडा_एक्सप्रेस

हॉटेलात पाण्याची बाटली एमआरपीपेक्षा जास्त लावली तर तक्रार करता येते ना?

निवृत्त_लेखापरीक्षक

बसून खायच्या हॉटेलात नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तिथे तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, जागा आणि सेवाही घेता. पण पानठेल्यावर, डेअरीत, स्टेशनवर एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. 'थंड करायचे दोन रुपये' हा प्रकार बेकायदेशीर आहे. वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार करता येते.

महालची_सून

सोन्याचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडे लग्न होतं, सराफ्यात बरंच फिरणं झालं, त्यातून सांगते. तिथे रोखठोक पण बिल वाचतील.

बिलात 'ग्रॉस' आणि 'नेट' अशी दोन वजनं असतात. खडे, मोती, मीना, लाख यांचं वजन वजा करून उरतं ते नेट, आणि सोन्याचा भाव नेटवरच लागला पाहिजे. एका हारात खडे चांगले दीड ग्रॅमचे होते आणि दोन्ही रकान्यांत एकच आकडा. विचारल्यावर म्हणे, "खड्यांचे वेगळे पैसे आपण लावतच नाही ना वहिनी." म्हणजे काच सोन्याच्या भावानं! बिल फाडून नवीन केलं, दीड ग्रॅमचा फरक आजच्या भावानं तुम्हीच काढा.

मग घडणावळ. ग्रॅममागे की टक्क्यांनी, हे तोंडी एक आणि बिलात एक असू शकतं. हॉलमार्किंगचं शुल्क दागिन्यामागे ४५ रुपये अधिक कर एवढंच आहे, काही जण तिथे गोल आकडा लिहितात. सहा अक्षरी एचयूआयडी नंबर, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्कचा ओळख क्रमांक, बिलावर मागून घ्या आणि बीआयएस केअर अॅपमध्ये तिथेच टाका. नंबर एकाचा आणि दागिना दुसराच, असं नको. मोड, म्हणजे जुनं सोनं, दिली असेल तर घट किती धरली तेही लिहून घ्या.

रोखठोक

सोनं मी वाचतोच. म्हणून तर म्हणालो, मोठं वाचा, छोटं सोडा.

बिलिंगवाली_ताई

हा धागा बघून खातं उघडलं. धंतोली-रामदासपेठेच्या पट्ट्यात दवाखान्यांच्या बिलिंगला बरीच वर्षं काम केलं, कुठे ते विचारू नका. रोखठोक म्हणतात मोठं वाचा, पण सगळ्यात मोठं बिल लोकं सगळ्यात कमी वाचतात. पेशंट घरी जायला आतुर, नातेवाईक थकलेले, खाली गाडी उभी. त्या वेळी समोर कागदांचा गठ्ठा ठेवला तर माणूस फक्त शेवटचा आकडा बघतो आणि "काही कमी होईल का" विचारतो. दोन-पाच हजार कमी करतात, आपल्याला वाटतं जिंकलो. त्यापेक्षा जास्त त्या गठ्ठ्यात असतं.

कुठे बघायचं ते सांगते. औषधांची परतफेड आधी बघा. वॉर्डातून मागवलेली आणि न वापरलेली इंजेक्शनं, सलाईन फार्मसीला परत जातात, पण त्यांची वजावट बिलात आली का? डिस्चार्जच्या दिवशी परत गेलेली औषधं हमखास राहतात, कारण फार्मसीची एंट्री संध्याकाळी होते आणि बिल दुपारी बनतं. नर्सकडून परतीची स्लिप मागून घ्या.

मग दिवसांची मोजणी. कुठे चोवीस तासांचा दिवस धरतात, कुठे रात्री बारानं बदलतो, कुठे दुपारी बाराला. रात्री साडेअकराला भरती झालात तर अर्ध्या तासाचा एक दिवस लागू शकतो. भरती होतानाच विचारा. आयसीयूतून वॉर्डात हलवल्याच्या दिवशी दोन्ही खाटांचं भाडं लागलेलं मी कितीदा तरी काढलंय.

पॅकेज असेल तर पॅकेजमध्ये काय आहे तो कागद हवा. ड्रेसिंग, ओटी (ऑपरेशन थिएटर), भूल हे आत असताना खाली पुन्हा वेगळी ओळ येते. हातमोज्यांचे नगही बघा. एका दिवसात एका पेशंटला शंभर जोड्या लागत नाहीत, पण पूर्ण डबा एकाच्या नावावर पडतो.

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकला असेल तर फेब्रुवारी २०१७ पासून त्याला कमाल किंमत ठरलेली आहे, आणि ब्रँड, बॅच बिलात वेगळे दाखवावे लागतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांनाही किंमत ठरली. खोक्यावरचं स्टिकर फाईलमध्ये लावलेलं असतं, त्याचा फोटो घ्या. आयसीयू सोडून खोलीचं भाडं दिवसाला ५,००० च्या वर असेल तरच त्यावर ५ टक्के जीएसटी, त्याखाली नाही.

आणि वर कॅशकाउंटर म्हणाले तेच आमच्याकडेही. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. दर दोन दिवसांनी चालू बिलाची प्रत मागा. चालू बिलातली ओळ आम्ही जागच्या जागी काढू शकतो. फायनल झालं की अकाउंट्स, मग सुपरिंटेंडंट, मग 'साहेब राऊंडला गेलेत'.

मानेवाडा_एक्सप्रेस

ताई, कोविडमध्ये बिलं तपासायला सरकारी माणसं बसवली होती ना?

बिलिंगवाली_ताई

हो. मे २०२० मध्ये राज्य सरकारनं खाजगी दवाखान्यांतल्या ८० टक्के खाटांना दर ठरवून दिले. साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट त्यात नव्हतं, म्हणून सगळा खेळ पीपीईत झाला. महापालिकेचे ऑडिटर यायचे तेव्हा आम्ही रात्री बसून फाईली लावायचो. खरं सांगू? कुणीतरी बघणार आहे हे माहीत असलं की बिल आधीच नीट बनायचं.

रोखठोक

विमा असेल तर बघायची गरजच काय? कंपनी भरते.

बिलिंगवाली_ताई

भरते, पण सगळं नाही. हातमोजे वगैरे 'नॉन पेएबल' तुमच्याच खिशातून जातात. आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली तर त्या प्रमाणात डॉक्टरांची फी, ओटी हेही कापून येतं. शिवाय चुकीच्या ओळींनी तुमचीच विमा रक्कम संपते. वर्षात दुसऱ्यांदा भरती व्हायची वेळ आली तर? कॅशलेसचं एक मात्र चांगलं झालं. २०२४ पासून डिस्चार्जची विनंती गेल्यावर विमा कंपनीनं तीन तासांत मंजुरी द्यायची, उशिरामुळे दवाखान्यानं जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे.

निवृत्त_लेखापरीक्षक

ताईंचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे. आता विजेकडे वळतो, कारण मे महिन्यात नागपूरकर दोनच गोष्टींनी घामाघूम होतो, ऊन आणि त्या महिन्याचं बिल.

बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असतं. चालू रीडिंग आपल्या मीटरशी ताडून बघा. त्याच्या जागी काही शेरा असेल, 'लॉक' किंवा 'सरासरी' असा, तर ते बिल अंदाजे आहे. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग आलं की दोन महिन्यांचे युनिट एकदम येतात, आणि खरी गोची इथे आहे. दर टप्प्यांचे आहेत: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि पुढे. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसरा जवळजवळ दुप्पट. समजा दोन महिन्यांचे मिळून ४०० युनिट आले. ते २०० अधिक २०० असे महिन्यांत वाटून टप्पे लावायला हवेत. एकाच महिन्याचे धरले तर १०० युनिट विनाकारण तिसऱ्या टप्प्यात जातात आणि पहिल्या टप्प्याचे १०० बुडतात. वर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे चुकीवर करही.

वाद असेल तर बिल नुसतं थकवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये सोय आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरायची. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. आणि दोन वर्षांपूर्वीची थकबाकी, जी मधल्या बिलांत सतत दाखवलेली नाही, ती आज अचानक मागता येत नाही. तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल, तेही नागपुरातच बसतात.

मानेवाडा_एक्सप्रेस

काका, हे ४०० चं आमच्याकडे जसंच्या तसं झालंय. एप्रिलमध्ये 'सरासरी' आणि मेमध्ये दणका. आम्ही कूलरला शिव्या देत बसलो.

बर्डीवाला_भाऊ

कूलर बिचारा नुसतं पानी पिते.

इतवारीकर

गॅस सिलिंडरचंही बघा. घरपोच आणून देण्याचा खर्च पावतीवरच्या किमतीत धरलेला असतो, वर वीस-तीस द्यायचं बंधन नाही. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा आणि पोऱ्याजवळच्या काट्यावर तोलून मागा. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं, शंका आली तर मागता येतं.

रोखठोक

इतवारीकर, उन्हात चौथ्या मजल्यावर टाकी घेऊन येणाऱ्याला मी वीस रुपये स्वखुशीनं देतो. ते बिलात शोधायचे नाहीत.

इतवारीकर

स्वखुशीनं द्या की. तो मागतो ते वेगळं.

महालची_सून

आणि आपल्या फायद्याची चूक निघाली तर? सांगता का कुणी? आमच्या ह्यांचं म्हणणं, एवढं मोठं दुकान आहे, त्यांना काय फरक पडतो.

कॅशकाउंटर

वस्तू स्कॅन व्हायची राहिली तर नुकसान दुकानाचं. पण सुटे पैसे जास्त आले तर ते रात्री गल्ला मोजताना कमी भरतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते त्या पोराच्या पगारातून कापतात. आमच्याकडे कापायचे. शंभराच्या जागी पाचशेची नोट गेली म्हणून एक मुलगी रडताना पाहिली आहे. तेवढं तरी परत करा राव.

रोखठोक

हे माहीत नव्हतं. हे पटलं.

गोकुळपेठी (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला दवाखान्याचा आणि विजेचा प्रतिसाद वाचायला दिला. तो म्हणे, "हे बरोबर आहे, पण डाळीचं नाही." सासऱ्यांनी मात्र जुनी वीज बिलं काढून गॅलरीत पसरलीत, सोबत पेन्सिल. मूळ प्रश्न तसाच आहे हो: मागे रांग असताना काय करायचं? बाजूला होऊन वाचावं तर पैसे दिलेले असतात, पैसे द्यायच्या आधी वाचावं तर लोकं उसासे टाकतात.

कॅशकाउंटर

ताई, वस्तू काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवताना ऑफरच्या आणि शंका असलेल्या वस्तू शेवटी ठेवा, सगळ्या एकत्र. त्या स्कॅन होताना पडद्याकडे बघा. भाव चुकला की तिथेच म्हणा, "ही राहू द्या." बिल छापायच्या आधी ती ओळ निघते, रांगेला कळतही नाही. वाद घालायचा असेल तर वस्तू न घेता मग कस्टमर डेस्कला जा.

बिलिंगवाली_ताई

आणि ते गुळगुळीत कागदावरचं बिल असेल तर त्याच दिवशी फोटो काढा. दोन-तीन महिन्यांत कोरं होतं. वॉरंटीच्या वेळी लोकं पांढरा कागद घेऊन येतात.

मानेवाडा_एक्सप्रेस

दुकानदारानं ऐकलंच नाही तर पुढे कुठे? ग्राहक मंचात वकील लागतो का?

निवृत्त_लेखापरीक्षक

आधी १९१५ ला फोन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग (तुम्ही म्हणता तो मंच), सिव्हिल लाईन्सला. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाईनही करता येते, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. बिल न देणं हीसुद्धा २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, त्यामुळे बर्डीवाला भाऊंनी तिथूनच सुरुवात करावी.

बर्डीवाला_भाऊ

काका, आज मागितलं. म्हनते मशीन बंद आहे, उद्या या.